झालं म्हणायचं राहिलं

१

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचता वाचता तुम्हीही मान हलवायला मोकळे. शोधायला आलेल्या माणसांनी ठेवला नाही, अधिकारी बाईंनी ठेवला नाही, सख्ख्या बहिणीनं तर माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. मी तो हात झटकला. चौथी शिकलेली बाई आहे मी, पण डोळे मला चौथीपुरतेच मिळालेले नाहीत. जे दिसलं ते दिसलं.

आमचा फोटो स्टुडिओ आहे. एका बाजूला चावीवाला, दुसऱ्या बाजूला इस्त्रीवाला, मधे आम्ही. पुढं काउंटर, मग दिवे, मग गोल स्टूल, स्टुलामागं निळा पडदा आणि पडद्यामागं माझं स्वयंपाकघर. म्हणजे गिऱ्हाईकाच्या पाठीशी निळं आकाश दिसतं आणि त्या आकाशाच्या मागं माझी भाजी करपत असते. भिंतीवर आरसा, आरशाला दोरीनं बांधलेला कंगवा. दोरी नसती तर कंगवा कधीच पसार झाला असता. खुंटीवर एक काळा कोट आहे, गावातल्या निम्म्या पुरुषांनी ओळखपत्रावर तोच घातलाय.

फोटो आमचे हे काढतात. बाहेर पाटी आहे, 'पाच मिनिटांत फोटो'. ह्यांना पाच मिनिटंसुद्धा जास्त वाटतात. जेवताना उठतात, बोलताना उठतात, रडणाऱ्या माणसाचं रडणं संपायच्या आत त्याला रुमाल देऊन वाटेला लावतात. रस्ता ह्यांना पाठीमागं 'घाईदादा' म्हणतो. पाठीमागंच. एकदा चावीवाला माझ्यासमोर चुकून बोलून गेला, त्याला असं फैलावर घेतलं की पुढं कितीतरी दिवस मी दिसले की तो चाव्या मोजायला लागायचा. नवऱ्याला मी काय वाटेल ते बोलेन, पण दुसऱ्यानं नावं ठेवलेली मला खपत नाहीत. तो शब्द माझ्या तोंडून कधी निघाला नव्हता.

आणि आमची मुलगी, पुतळी. कागदावरचं नाव वेगळं आहे, पण पुतळीच म्हणायचो. ते नाव का पडलं ते सांगते पुढं.

२

पुतळी कॅमेऱ्यांतच वाढली, पण स्टुडिओत तिचं मन रमलं नाही. म्हणायची, "आई, इथं माणसं येतात, बसतात आणि बसल्याबरोबर मेल्यासारखी होतात. मला हलणाऱ्या गोष्टी हव्यात."

"मग इस्त्रीवाल्याच्या पोरांचे काढ. घटकाभर एका जागी नसतात."

तिनं पाणी निवडलं. थंडी सरून झाडांना पालवी फुटायला लागली की आमच्याकडं वरच्या डोंगरांतला बर्फ सुटतो. जे ओहोळ वर्षभर कुणाला दिसत नाहीत ते अंगावर धावून आल्यासारखे खाली येतात. धबधबे भरतात. त्या दिवसांत ही पोरगी घरात सापडायची नाही. ओल्या दगडांवर एकटी नाचणार आणि मी घरी भाजी निवडत बसणार, हे होणार नव्हतं. मी सोबत जायला लागले. माझं काम छत्री धरायचं. माणसावर नाही, कॅमेऱ्यावर. धबधब्याचे तुषार भिंगावर बसले की फोटो वाया.

पहिल्यांदा गेले तेव्हा विचारलं, "एवढा वेळ काय करतेस गं त्या तिपाईपाशी? बाबांनी एवढ्यात अख्खं लग्न उरकलं असतं."

"साधा फोटो म्हणजे पापणी लवते तेवढा वेळ," ती म्हणाली. "मी पापणी उघडीच ठेवते. भिंगावर काळी काच लावते, म्हणजे उजेड सावकाश आत येतो. तेवढ्यात कितीतरी पाणी वाहून जातं."

"मग फोटोत येतं काय?"

"जे हलतं ते पुसलं जातं. जे थांबतं ते राहतं."

मला काही उमगलं नाही. पण फोटो छापून आला आणि मी हातातलं काम सोडून बघत बसले. दगड जसेच्या तसे, त्यांच्यावरचं शेवाळसुद्धा ओलं. आणि पाणी? न्हालेल्या लांब केसांवरून कुणीतरी मायेनं कंगवा फिरवावा तसं. त्यात एक थेंब नव्हता, नुसतं वाहणं होतं. मी कधी कुणाचं उगाच कौतुक करत नाही, पोटच्या पोरीचं तर नाहीच. पण तेव्हा तोंडातून निघून गेलं, "बाई गं, हे तू केलंस?"

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी कानावर पडली. बटण दाबायच्या आधी पुतळी पाण्याकडं बघून पुटपुटली, "हलू नका."

मला हसू आलं. स्टुडिओतली सवय. दिवसभर आमच्याकडं तेच चालतं, हनुवटी वर, खांदे सैल, हलू नका. वाहत्या पाण्याला सांगतेय!

३

फोटो कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचं काम माझं. त्यामुळं ते सगळ्यांत आधी मला दिसलं.

पाण्याच्या त्या रेशमात एके ठिकाणी, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत, थेंब होते. एकेक सुटा, गोल, प्रत्येकात उजेडाचा ठिपका. वरून रेशीम येत होतं, त्या जागेशी थेंब होत होतं आणि तिथून खाली परत रेशीम.

मला वाटलं दगड असेल. पण दगड हवेत लटकत नाही. बर्फ असेल म्हटलं, तर पाणी तिथं कड्यापासून सुटून पडत होतं, बर्फ धरायला जागा नव्हती. मी ह्यांना दाखवलं.

हे एका हातानं चहा पीत, दुसऱ्या हातानं पाकीट बंद करत म्हणाले, "भिंगावर शिंतोडे. छत्री नीट धरत जा."

म्हणजे चूक माझी! मी म्हटलं, "शिंतोडे धुरकट येतात. एवढं मलाही कळतं. हे बघा तरी!"

"नंतर बघतो."

पुतळीनं मात्र खूप वेळ बघितलं. फोटो खिडकीपाशी नेला, तिरपा धरला, सरळ धरला. चेहरा असा उजळला की मला क्षणभर तिचा हेवा वाटला.

"आई, किती सुंदर आहे हे."

"आहे. पण आहे काय?"

"तेवढं पाणी थांबलंय," ती म्हणाली. "मी सांगितलं म्हणून थांबलंय."

पुढच्या फोटोत ती जागा तळहाताएवढी होती. तो धबधबा निराळा, दरी निराळी. मी तेव्हा छत्री दोन्ही हातांनी धरली होती आणि भिंग स्वतः पुसलं होतं. त्यानंतरचा एक फोटो वाहत्या ओढ्याचा होता. त्यात मधोमध एक अख्खी लाट काचेसारखी उभी, तिच्या काठावरचा फेस मोजून घ्यावा असा. आजूबाजूला सगळं धुकं होऊन गेलेलं. डोळ्यांचं पारणं फिटावं इतकं देखणं दिसत होतं ते. आणि ते बघताना माझ्या मानेवर काहीतरी सरसरत होतं. दोन्ही एकदम.

४

कॅलेंडर छापणारे एक गृहस्थ पुतळीला शोधत आमच्या दुकानात आले. जाडा चष्मा, बोलताना स्वतःचेच शब्द आवडणारा माणूस. पण फोटो पुढं ठेवले आणि त्यांनी चष्मा काढून, डोळे पुसून, परत घालून बघितलं.

"हे जमवलंत कसं?" तिला म्हणाले. "वाहणारं आणि थांबलेलं एकाच फोटोत?"

"विनंती केली," पुतळी म्हणाली.

ते खो खो हसले. त्यांना सगळे फोटो हवे होते. शिवाय वरच्या खिंडीतल्या मोठ्या धबधब्याचा एक हवा होता, मुखपृष्ठाला. "बर्फाचं पाणी आहे तोवरच. आणि शेवटच्या पानावर तुमचा स्वतःचा फोटो पाहिजे हं. घरचाच स्टुडिओ आहे म्हणा!"

ह्यांना एवढा आनंद झाला की चक्क थांबले. गिऱ्हाईक उभं असताना पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. "चल, बस स्टुलावर. तुझा असा काढतो की बास."

पुतळी बसली. हनुवटी वर, खांदे सैल. तिला सांगावं लागत नाही.

"हलू नकोस." क्लिक. हे कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर बघायला वाकले. "हललीस."

"नाही हलले, बाबा."

"हललीस म्हणतोय ना. परत."

क्लिक. "अगं, काय चाललंय तुझं? परत!"

मी पुढं होऊन बघितलं. हललेल्या माणसाचे फोटो मी चिकार पाहिलेत. मान इकडून तिकडं गेली की चेहरा आडवा फाकतो, दोन नाकं येतात, तीन कान. हा तसा नव्हता. पुतळीची वेणी साफ होती, कुडत्याची शिवण साफ होती, मागच्या पडद्याची चुणी न् चुणी साफ होती. फक्त चेहरा खाली गेला होता. कपाळापासून हनुवटीपर्यंत, वरून खाली, एकसारखा.

"थांबा, मी धरते," म्हटलं. तिच्या मागं उभी राहिले आणि दोन्ही हातांनी तिचे गाल घट्ट धरले. गाल गार होते. नळाला हात लावला की आत पाणी चालू आहे हे हाताला कळतं ना, तसं काहीतरी माझ्या तळव्यांना कळत होतं.

क्लिक.

फोटोत माझे हात आले. अंगठ्यावरचा विळीचा वणसुद्धा आला. आणि त्या दोन हातांच्या मधून माझ्या मुलीचा चेहरा वाहत होता. न्हालेल्या केसांसारखा. मऊ, पांढुरका, एक थेंब नसलेला.

"कॅमेरा बिघडला," हे म्हणाले.

पुढचं गिऱ्हाईक एक टक्कल पडलेले काका. त्यांचा मससुद्धा स्पष्ट आला. काकांसाठी कॅमेरा तेवढ्यात दुरुस्त झाला म्हणायचा!

खरं सांगू, त्या फोटोवरून माझी नजर हलेना. इतकी सुरेख ती कधीच दिसली नव्हती. हेच मला सगळ्यांत वाईट वाटलं.

५

आता मामंजींचं सांगायला हवं. माझे सासरे. स्टुडिओ त्यांचाच. त्यांच्या काळात कॅमेऱ्याला काळं फडकं असायचं आणि माणसाला बराच वेळ गप्प बसावं लागायचं. "हलू नका" म्हटल्यावर फोटो निघायचा आणि मग मामंजी फडक्यातून डोकं बाहेर काढून, त्या माणसाच्या डोळ्यांत बघून म्हणायचे, "झालं. हला आता." त्याशिवाय कुणाला उठू द्यायचे नाहीत. तान्ह्या बाळाला म्हणायचे, कुणाच्या कुत्र्याला म्हणायचे. कुणी गेलं की शेवटचा फोटो काढायला त्यांना बोलवायचे. तिथं "हलू नका" म्हणायची गरज नसायची. पण "झालं" ते तिथंही म्हणायचे. हळूच, खाली वाकून.

मी नवी नवी होते, विचारलं एकदा. म्हणाले, "सूनबाई, समोरचा माणूस आपल्या शब्दावर स्वतःला थांबवतो. मोकळंही आपणच करायचं. ज्यानं थांबवलं त्यानंच. दुसऱ्याचं चालत नाही."

मामंजी गेले आणि हे कॅमेऱ्यामागं उभे राहिले. नवा कॅमेरा, नवे दिवे. "झालं बिलं कशाला? क्लिक ऐकू येतं की लोकांना!" पहिला फोटो काढला तो आमच्या मुलीचा. तेव्हा ती बोबडं बोलायची, आजोबांच्या मांडीवर बसून सगळे नियम शिकलेली. ह्यांनी तिला स्टुलावर बसवलं, "हलू नकोस हं" म्हणाले, फोटो काढला, तेवढ्यात बाहेरून कुणीतरी हाक मारली आणि हे गेले. गेले ते गेलेच.

मी पडद्यामागून हात पुसत आले तर पोर बसलेली. हनुवटी वर, डोळे सरळ. स्टुलावरून खाली ओघळ आलेला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती डोळे मिटत नव्हती. म्हटलं, "झालं गं बाळा, झालं, हल आता!"

तिनं ओठ न हलवता म्हटलं, "तू नाही. बाबा."

मी तिला उचललं तर तशीच बसलेल्या आकाराची हातात आली. अंघोळ घातली, दूध पाजलं, मग हळूहळू सैल पडली. हे परत आले, ऐकलं आणि पोट धरून हसले. "काय शहाणी आहे! पुतळी आहे नुसती, पुतळी!" तेच नाव पडलं. हा किस्सा ह्यांनी प्रत्येक पाहुण्याला सांगितलाय. आणि प्रत्येक पाहुणा हसलाय.

पण ह्यांनी "झालं" काही म्हटलं नाही. तेव्हा नाही आणि नंतरही नाही.

६

त्या चेहऱ्याच्या फोटोनंतर मी पुतळीला स्वयंपाकघरात गाठलं. ती ओट्यापाशी उभी होती, नळ थोडा सोडलेला, धारेकडं बघत.

"पाणी वाया चाललंय."

तिनं नळ बंद केला. धार लगेच तुटली नाही. अंमळ तशीच राहिली, वर नळ बंद, खाली धार, मधे काही नाही. मग पडली. मी स्वतःला म्हटलं, वायसर गेला असेल.

"तू त्या पाण्याला 'हलू नका' म्हणतेस," मी म्हटलं. "मग मागून 'झालं' का म्हणत नाहीस? आजोबा म्हणायचे."

"बाबा कुठं म्हणतात?"

"बाबांचं सोड. तू म्हण. उद्या सगळ्या ठिकाणी जाऊन म्हणून येऊ. मी येते."

"म्हणायला जाते गं," ती म्हणाली. अगदी साधेपणानं, मीठ संपलंय असं सांगावं तशी. "जिभेपर्यंत येतं. पण माझंच कुठं झालंय?"

आणि हसली. मी नाही हसले.

"तुला ते स्टूल आठवतंय?"

"आठवायला ते संपायला हवं ना, आई."

मी तडक पडदा सारून बाहेर आले. ह्यांच्यापुढं गिऱ्हाइकांची रांग होती, कसल्याशा परीक्षेचे अर्ज सुटले होते. मी रांगेची पर्वा केली नाही.

"पोरीला झालं म्हणा."

"काय झालं?"

"काय झालं नाही. नुसतं झालं. झालं, हल आता. दोन अक्षरं आहेत. तिच्या डोळ्यांत बघून म्हणा."

रांगेतले हसायला लागले. हे ओशाळले. "अगं, काय तमाशा हा? संध्याकाळी म्हणतो."

संध्याकाळी छपाईचं यंत्र अडकलं. हे त्यात कोपरापर्यंत शिरले होते. "जेवताना म्हणतो." जेवताना चावीवाला आला. सकाळी आम्ही मोठ्या धबधब्याकडं निघालो तेव्हा मी दारात अडून राहिले. हे शटर वर ढकलत होते.

"म्हणा आधी."

"आल्यावर म्हणतो, म्हटलं ना! उशीर होतोय. जा, चांगला काढून आण."

पुतळीनं त्यांच्याकडं बघितलं. हनुवटी जराशी वर. वाट बघणारं माणूस बघतं तसं. मग तिनं तिपाई खांद्यावर घेतली.

मी जाऊच दिलं नसतं, असं आता सगळे म्हणतात. वयात आलेली, हट्टी, गुणी मुलगी तुम्ही कशी अडवता ते मला शिकवा. मी सोबत गेले. एवढंच करता येत होतं.

७

तो धबधबा मी त्याआधी पाहिला नव्हता. तुम्हीही पाहिला नसेल. पायवाटेच्या शेवटच्या वळणापर्यंत नुसता आवाज होता, इतका मोठा की एकमेकींशी खुणांनी बोलावं लागत होतं. वळलो आणि समोर अख्खा कडा पांढरा झालेला. बर्फाचं पाणी, जरासं हिरवट, वरून सुटत होतं ते थेट, मधे कुठं टेकत नव्हतं. खाली पडून परत उठत होतं. कोवळी पानं पाण्याच्या वाऱ्यानं उलटी होऊन चमकत होती. मी छत्री विसरून तोंड उघडं टाकून उभी राहिले. वाटलं, या पोरीचं बरोबर आहे. हे सोडून ओळखपत्रं कोण काढेल?

पुतळीनं तिपाई लावली. काळी काच चढवली. मी छत्री धरली. छत्रीवर तुषार तडतड वाजत होते. ती पाण्याकडं बघून पुटपुटली. ऐकू आलं नाही, पण ओठ मला पाठ होते. बटण दाबलं.

आधी छत्रीवरची तडतड थांबली.

मला वाटलं वारा फिरला. मग तो मोठा आवाज गेला. कमी होत होत नाही, पंखा बंद केल्यावर होतं तसंही नाही. नुसता नव्हता. मला माझ्याच श्वासाचा आवाज आला. मी मान वर केली.

धबधबा उभा होता.

सगळा. वरच्या कडेपासून खालच्या डोहापर्यंत एकेक थेंब आपापल्या जागी, आणि प्रत्येकात ऊन. हवेतले तुषार माझ्या हाताच्या अंतरावर लटकलेले. एकाला बोट लावलं तर गार लागलं आणि तो बोटाला चिकटला नाही. इतकं सुंदर मी जन्मात काही पाहिलेलं नाही आणि पाहणार नाही. ते पाणी गिऱ्हाइकासारखं उभं होतं. श्वास रोखून.

मग मी पुतळीकडं बघितलं.

सगळं सांगणार नाही. वेणी तिथं होती. कुडतं तिथं होतं. बाहीतून पाणी पडत होतं आणि संपत नव्हतं, त्या सगळ्या डोंगरात तेवढंच काय ते हलत होतं. हनुवटी वर. खांदे सैल. ती कॅमेऱ्याकडं बघत नव्हती, पाण्याकडं बघत होती, आणि मला वाटलं, आता ते तिला थांबवतंय. त्याला तेवढंच शिकवलं होतं ना. पुढचं कुणी शिकवलंच नव्हतं.

"झालं!" मी ओरडले. "झालं गं बाई, झालं! हल!"

कड्यावरून माझाच आवाज परत आला. आणि त्याच्याखाली, अगदी हळू, तिचा की पाण्याचा कोण जाणे, "तू नाही."

मी तिचा दंड धरला. वाहत्या ओढ्यात मूठ मिटावी तसं झालं. मग मी फोन काढला. एक हात तिच्या कुडत्यात घट्ट गुंतवला आणि दुसऱ्यानं ह्यांना लावला. ह्यांनी उचलला.

"बोल लवकर. माणूस बसलाय समोर."

"झालं म्हणा! पोरीला झालं म्हणा, आत्ता, या क्षणी! फोन तिच्या कानाला लावतेय!"

"कुठं आहेस तू? एवढं शांत कसं?"

"म्हणा हो! पाया पडते तुमच्या!"

मी फोन तिच्या कानापाशी धरला. त्या शांततेत ह्यांचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.

"अगं, हे काय चाललंय तुमचं दोघींचं…" मग फोन तोंडापासून दूर गेला, समोरच्या माणसासाठी. ह्यांचा रोजचा आवाज, घाईतला, "हां, हलू नका."

क्लिक.

आणि फोन बंद झाला.

तिपाईवरच्या कॅमेऱ्यानं आपली पापणी मिटली, तोही आवाज मी ऐकला. मग सगळं पाणी एकदम खाली आलं.

८

मी उठले तेव्हा छत्री कुठल्या कुठं गेली होती. तिपाई उभी होती. तिच्याशेजारी पुतळीचे बूट होते, जोडीनं, नाड्या बांधलेल्या. कुडतं माझ्या मुठीत होतं. कोरडं.

शोधणारी माणसं आली, दोर घेऊन खाली उतरली, हात हलवत परत आली. पाय घसरला म्हणाले. अधिकारी बाईंनी मला बसवून पाणी दिलं. मी ते प्यायले नाही. फोनचं सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. "बाई, त्या जागी शेजारच्या माणसाचं ऐकू येत नाही. तिथून फोनवर बोलणं शक्य नाही. तुम्ही वळणाच्या अलीकडंच असणार. मुलगी पुढं गेली, तुम्ही मागं राहिलात. स्वतःला दोष देऊ नका."

हे शेजारीच बसले होते. मी ह्यांच्याकडं बघितलं. सगळ्या जगात एकाच माणसानं ती शांतता ऐकली होती. एवढं शांत कसं, असं स्वतःच्या तोंडानं विचारलं होतं.

"सांगा त्यांना," मी म्हटलं. "फोनमध्ये पाण्याचा आवाज होता का?"

हे बुटांकडं बघत राहिले. "लक्ष नव्हतं माझं," म्हणाले. "गिऱ्हाईक होतं."

त्यानंतर मी कुणाला काही पटवायला गेले नाही.

शेवटचा फोटो मी स्वतः छापला, स्वतः कापला आणि स्टुडिओत स्टुलासमोरच्या भिंतीवर लावला. कॅलेंडरवाले आले, खूप वेळ उभे राहिले, मागायचं धाडस झालं नाही. जो येतो तो थबकतो. माझ्यासमोर उभं राहिलेलं पाणी फोटोत मात्र अख्खा कडाभर रेशीम झालेलं, वरपासून खालपर्यंत, असा फोटो कुणाला पुन्हा जमायचा नाही. फक्त मधोमध थोडी जागा आहे, सुट्या थेंबांची. लोक म्हणतात, वा, काय चमकतंय. ती हनुवटी मी ओळखते. जराशी वर. डोळे सरळ. मिटत नाहीत.

हल्ली हे प्रत्येक गिऱ्हाइकाला "झालं" म्हणतात. दोनदा, तीनदा म्हणतात. लोकांना गंमत वाटते. त्या फोटोकडं मात्र पाठ करून उभे राहायचे.

परवा दुपारी दुकान रिकामं होतं. हे फोटोसमोर जाऊन उभे राहिले. मी पडद्याआडून बघत होते. माझ्याकडं न वळता विचारलं, "म्हणू का?"

ह्यांनी म्हटलं, तर ती सुटेल. आणि सुटली, की वाहून जाईल, मग भिंतीवर नुसतं पाणी राहील. नाही म्हटलं, तर ती तिथं पापणी न लववता वाट बघणार. पोटच्या पोरीला किती वेळ असं बसवून ठेवायचं?

मी बाहेर आले. ह्यांच्या शेजारी उभी राहिले. "म्हणा," म्हटलं.

ह्यांनी तोंड उघडलं. तिच्या डोळ्यांत बघितलं, पहिल्यांदाच. फोटोतले थेंब जरा थरथरल्यासारखे वाटले, की माझेच डोळे भरले होते, मला ठाऊक नाही. ह्यांच्या ओठांवर पहिलं अक्षर आलं.

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी काउंटरवर टकटक केलं. "कुणी आहे का? अर्जंट फोटो हवाय!"

आणि ह्यांची मान वळली. अगदी सवयीनं, हाताला चटका बसावा आणि हात मागं यावा तशी. उघडलेलं तोंड मिटलं.

मी भिंतीकडं बघितलं. थेंब आपापल्या जागी होते. हनुवटी वर.

"जा," मी म्हटलं. "थांबू नका. गिऱ्हाईक आलंय, घाईदादा."